काचेवरचा पाऊस कॅमेऱ्याने ओळखायचा कसा? सातारच्या घाटांसाठी एक घरगुती जोडणी

पावसाळ्यात साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे निघालं की काचेवर जे पडतं, त्याला धड पाऊसही म्हणता येत नाही. भुरभुर असते. वायपर थांबून-थांबून चालणाऱ्या खटक्यावर ठेवला तर कोरड्या काचेवर करकरतो, बंद ठेवला तर दोन वळणांत समोरचं दिसेनासं होतं. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम ५०० च्या आसपास. एकाच दिवशी एकाच गाडीने या दोन्ही टोकांना जाणारी माणसं इथे भरपूर आहेत. काचेवर किती पाणी आहे हे कॅमेऱ्याने मोजायची जोडणी करून बघायला यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही.

थोडंफार पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) येत असेल आणि स्क्रू-ड्रायव्हर धरता येत असेल तर हे काम दोन-तीन सुट्ट्यांत होण्यासारखं आहे. निकाल म्हणून बीप किंवा छोटा दिवा मिळेल, शिवाय प्रवासभराची नोंद. वायपरची मोटर आपण हलवणार नाही. का, ते पुढे येईल.

आधी गाडीतला सेन्सर काय करतो ते पाहू

वरच्या व्हेरियंटमध्ये ‘ऑटो वायपर’ म्हणून जे मिळतं, त्यात आरशामागे काचेला चिकटवलेला एक छोटा इन्फ्रारेड सेन्सर असतो. तो साधारण ४५ अंशांच्या कोनात काचेत प्रकाश सोडतो. काच आणि हवा यांच्या सीमेवर ४१-४२ अंशांच्या पुढचा प्रकाश बाहेर न पडता पूर्ण परत फिरतो, म्हणून कोरड्या काचेत जवळपास सगळा प्रकाश परत सेन्सरकडे येतो. बाहेर पाण्याचा थेंब बसला की तीच मर्यादा ६० अंशांच्या वर जाते आणि तेवढ्या जागेतला प्रकाश थेंबातून निसटतो. परत येणारा प्रकाश घटला, म्हणजे पाऊस.

युक्ती सुंदर आहे, पण सेन्सर बघतो ती जागा काही चौरस सेंटिमीटरचीच. मोठ्या थेंबांच्या सरीत तेवढी पुरते. घाटातल्या भुरभुरीत कधी त्या जागेवर काहीच नसतं आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर मात्र काच भरलेली असते.

कॅमेऱ्याने हे करायची कल्पना नवी नाही. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये, थेंबांच्या अनेक चित्रांतून त्यांची ठळक वैशिष्ट्यं काढून गाडीतल्या कॅमेऱ्याच्या चित्रात ती शोधायची पद्धत मांडली होती. टेस्लाने तर सुरुवातीच्या गाड्यांनंतर वेगळा रेन सेन्सर ठेवलाच नाही, समोरच्या कॅमेऱ्याच्या चित्रावरूनच वायपर चालवला. त्यांच्या वायपरबद्दल मालकांच्या कुरबुरीही तितक्याच जुन्या आहेत आणि त्यामागची एक मोठी अडचण समजून घेतली तर आपलं अर्धं काम होतं.

सगळा खेळ फोकसचा

डॅशकॅम किंवा ड्रायव्हर-मदतीचा कॅमेरा रस्ता बघायला बसवलेला असतो. त्याचा फोकस लांबवर, जवळजवळ अनंतावर असतो. दहा सेंटिमीटरवरचा थेंब त्याला थेंब म्हणून दिसतच नाही, एक पुसट गोल डाग दिसतो. झाडीसमोर तो ओळखू येतो, ढगाळ आकाशासमोर हरवतो. मग तो डाग शोधायला न्यूरल नेटवर्क, त्याला शिकवायला हजारो चित्रं, असं लटांबर सुरू होतं.

आपल्याला रस्ता बघायचाच नाही, काच बघायची आहे. म्हणून दुसरा, स्वस्त, फक्त काचेवर फोकस केलेला कॅमेरा लावायचा. माझ्या मते या सगळ्या उद्योगातला हा एकच निर्णय खरा महत्त्वाचा आहे, बाकी सगळं त्याच्या मागोमाग सोपं होत जातं.

रास्पबेरी पाय या छोट्या, एका बोर्डवरच्या संगणकाचा कॅमेरा मॉड्यूल ३ यासाठी योग्य आहे. २०२३ च्या जानेवारीत आलेल्या या मॉड्यूलचा फोकस प्रोग्राममधून हलवता येतो आणि साध्या लेन्सचा प्रकार १० सेंटिमीटरपर्यंत जवळचं स्पष्ट दाखवतो. वाइड प्रकार ५ सेंटिमीटरपर्यंत जातो. साध्या लेन्सने १० सेंटिमीटरवरून काचेचा सुमारे १३ बाय ७.५ सेंटिमीटरचा तुकडा दिसतो, म्हणजे जवळपास तळहाताएवढा. चित्र १२८० बाय ७२० ठेवलं तर एका पिक्सेलला ०.१ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक थेंबांना हवामानशास्त्रात रिमझिम म्हणतात. असा थेंब काचेवर थोडा पसरतो आणि पाच-सहा पिक्सेल रुंद दिसतो. सरीतला दोन मिलिमीटरचा थेंब वीस पिक्सेलच्या पुढे जातो.

आता उलट बाजू बघा. फोकस १० सेंटिमीटरवर असताना लांबचं झाड, समोरचा ट्रक, डोंगराची कड हे सगळं याच चित्रात साधारण पंचवीस पिक्सेल रुंदीच्या धूसरपणात विरघळतं. थेंबाची कड मात्र दोन-तीन पिक्सेलमध्ये कातरल्यासारखी तीक्ष्ण. तीक्ष्ण म्हणजे काचेवरचं, पुसट म्हणजे बाहेरचं. गाडी पोवई नाक्यावर सिग्नलला उभी असली तरी हा फरक टिकतो.

संगणकावर असा एक थेंब मोठा करून जरूर बघा. त्याच्या आत समोरचं सगळं जग उलटं दिसतं: खाली पांढरं आकाश, वर काळपट रस्ता. थेंब स्वतःच एक छोटी भिंगाची लेन्स असतो. म्हणूनच साध्या करड्या आकाशासमोरही थेंबाच्या आत गडद-उजळ असा चढउतार असतो आणि तो शोधता येतो.

सामान

रास्पबेरी पाय ४ (जुना, वापरलेला चालेल), कॅमेरा मॉड्यूल ३ आणि त्याची लांब रिबन केबल, ३ अँपिअर देणारा चांगल्या प्रतीचा कार चार्जर, साधा जीपीएस मॉड्यूल, एक बझर, मेमरी कार्ड. रात्रीही चालवायचं असेल तर कॅमेऱ्याचा ‘नॉयर’ प्रकार घ्या, त्यात इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर नसतो. शिवाय मॅट काळा पुठ्ठा किंवा जाड काळं फेल्ट, काचेला चिकटणारा दुहेरी टेप आणि केबलच्या क्लिपा. चार्जरवर पैसे वाचवू नका. व्होल्टेज पडलं की पाय अधूनमधून रीस्टार्ट होतो आणि दोष आपण प्रोग्राममध्ये शोधत बसतो.

बसवणं

जागा: आतल्या आरशाच्या मागे, डाव्या बाजूला, वायपर जिथून फिरतो त्या पट्ट्याच्या आत. या शेवटच्या अटीवर पुढची सगळी पद्धत उभी आहे. सकाळी काचेवर पाणी मारून वायपर एकदा फिरवा, पुसलेल्या भागाची कड आतून मार्करने खुणेने दाखवा आणि त्याच्या आतच जागा धरा. फास्टॅगचं स्टिकर बहुतेक गाड्यांत याच परिसरात असतं. त्याच्यावर किंवा त्याला झाकून काही लावू नका, नाहीतर आनेवाडीच्या टोलनाक्यावर मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत बसावं लागेल. ड्रायव्हरच्या नजरेत कॅमेरा अजिबात येता कामा नये. सीटवर बसून, मान दोन्हीकडे हलवून तपासा.

कॅमेरा डॅशबोर्डवर ठेवू नका. काच आणि डॅशबोर्ड वेगवेगळे थरथरतात. काचेलाच चिकटवलेला कॅमेरा काचेबरोबर हलतो, त्यामुळे खड्ड्यातही थेंब चित्रात जागचे हलत नाहीत.

कोन थोडा विचार करून ठेवा. काच तिरकी असते. कॅमेरा सरळ पुढे रोखला तर चित्राचा वरचा भाग काचेच्या जवळ, खालचा लांब, आणि फोकस एकाच पट्ट्यात मिळतो. कॅमेरा काचेला जितका काटकोनात, तितकं सगळं चित्र स्पष्ट. तसा तो ठेवला की वर आकाशाकडे बघतो आणि दिवसा ते फायद्याचंच आहे, मागे साधी पार्श्वभूमी मिळते. पूर्ण काटकोन जमला नाही तर निम्म्यावर तडजोड करा.

मग कॅमेऱ्याभोवती काळ्या पुठ्ठ्याची नळी, काचेपर्यंत टेकलेली. हे टाळायचा मोह होतो, पण डॅशबोर्डवर ठेवलेली पावती, पांढरा रुमाल, देवाची मूर्ती यांचं प्रतिबिंब काचेच्या आतल्या बाजूला पडतं आणि दुपारी चारच्या उन्हात तेच चित्रात सगळ्यात ठळक असतं. नळीला वर बारीक भोक ठेवा, नाहीतर आतली हवा कोंडून काच तेवढ्यापुरती धुरकटते.

केबल छताच्या कडेने न्या. बाजूच्या खांबाच्या प्लास्टिकखाली कोंबू नका: पडदा एअरबॅग असलेल्या गाड्यांत ती तिथूनच उघडते. पाय स्वतः ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा सीटखाली ठेवा. बंद गाडीत उन्हात डॅशबोर्ड फार तापतो आणि पाय ४ चा प्रोसेसर ८० अंशांपासून आपला वेग आपणच कमी करायला लागतो.

कॅमेऱ्याच्या सेटिंग

ऑटोफोकस बंद. तो चालू राहिला तर वाहत्या पावसात मध्येच रस्त्यावर उडी मारतो. पायकॅमेरा२ लायब्ररीत फोकस मॅन्युअलवर टाकून ‘लेन्स पोझिशन’ हा आकडा द्यायचा असतो. हा आकडा म्हणजे १ भागिले मीटरमधलं अंतर: १० सेंटिमीटरला १०, साडेबारा सेंटिमीटरला ८, अनंताला ०. काचेवर बाहेरून छापील कागदाचा कपटा ओला करून चिकटवा आणि अक्षरं सगळ्यात स्पष्ट दिसेपर्यंत आकडा अर्ध्या-अर्ध्याने सरकवा. काचेची जाडी धरता तुमचा आकडा गणितापेक्षा थोडा वेगळा येईल, तोच खरा. व्हाइट बॅलन्स स्थिर ठेवा. एक्स्पोजर ऑटो चालेल, पण ते झटक्यात बदलणार नाही असं बघा. चित्र सेकंदाला ३० फ्रेमचं हवं, कारण वायपरचं पातं पकडायचं आहे.

प्रोग्रामचा सांगाडा

चित्रांवर काम करणारी ओपनसीव्ही ही लायब्ररी बसवा. क्रम असा.

प्रत्येक फ्रेम कृष्णधवल करा आणि सुमारे एका सेकंदाची चालती सरासरी काढत राहा. धावत्या गाडीत बाहेरचं दृश्य सरासरीत आणखी विरतं, थेंब जागच्या जागी राहतात.

सेकंदाला दोन-तीन वेळा या सरासरी चित्राची दोन धूसर रूपं काढा: एक गॉशियन ब्लर सिग्मा २ चा, दुसरा ८ चा (सिग्मा जितका मोठा, तितकं चित्र धूसर). एकातून दुसरं वजा करा. जे उरतं त्यात बारीक, तीक्ष्ण कडाच असतात. त्यावर थ्रेशोल्ड लावा, म्हणजे ठरावीक मर्यादेच्या वरचे पिक्सेल तेवढे ठेवा, तुटक कडा ‘क्लोझिंग’ या क्रियेने जोडा, आतली पोकळी भरा आणि कनेक्टेड कंपोनंट्स, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या पिक्सेलचे सुटे डाग, मोजा. दहा-पंधरा पिक्सेलपेक्षा लहान ठिपके टाकून द्या, तो सेन्सरचा गोंगाट असतो. हाती दोन गोष्टी येतात: थेंबांची संख्या आणि ओल्या भागाची टक्केवारी. जोरदार पावसात थेंब एकमेकांत मिसळून ओघळ होतात आणि संख्या अचानक घटते, म्हणून संख्येवर विसंबू नका, टक्केवारी धरा.

आता वायपर. प्रत्येक फ्रेमची १६० बाय ९० एवढी छोटी प्रत करा आणि तिच्यात आडवा सरकणारा गडद पट्टा शोधा. सावकाश गतीतही पातं आपला तेरा सेंटिमीटरचा तुकडा सेकंदाच्या आठव्या भागात ओलांडतं, म्हणजे तीन-चार फ्रेम. एकापाठोपाठच्या फ्रेममध्ये पट्टा एकाच दिशेने सरकला तर ती वायपरची फेरी. नुसती उजेडातली घट धरली तर झाडाची सावलीही वायपर ठरते.

फेरी सापडली की अर्धा सेकंद थांबा, पात्यामागे राहिलेला पाण्याचा पातळ थर तेवढ्यात उडतो. मग सरासरी नव्याने सुरू करा आणि पहिला आकडा ‘पुसलेली काच’ म्हणून ठेवा. पुसण्याआधीचं आणि नंतरचं चित्र यांची तुलना हा या पद्धतीचा कणा आहे. वायपरने जे गेलं ते पाणी. लागोपाठ पाच-सहा फेऱ्यांनंतरही जे जागच्या जागी आहे, ते खडीचा टवका, ओरखडा किंवा चिकट किडा. त्याचा एक मास्क (वगळायच्या जागांचा नकाशा) बनवा आणि पुढे ती जागा मोजूच नका. काच जसजशी जुनी होईल तसतसा मास्क आपोआप वाढत जाईल.

आकडे कुठे ठेवायचे

सुरुवातीला ओला भाग ४ टक्क्यांच्या वर गेला तर बीप आणि दीड टक्क्याच्या खाली आला की शांत, असं ठेवून बघा. दोन वेगळ्या मर्यादा हव्यातच, एकच ठेवली तर सीमेवर बीप टकटकत राहतो. तुमच्या काचेला आणि डोळ्यांना काय सोसतं त्यावरून आकडे हलवा. काचेला पाणी झटकणारं कोटिंग लावलं असेल तर थेंब उंच, गोल राहतात आणि कमी जागा व्यापतात, मर्यादा खाली आणावी लागते.

टक्केवारीपेक्षा मला जास्त उपयोगी वाटतो तो तिच्या वाढीचा वेग: पुसल्यापासून दर सेकंदाला काच किती भरतेय. पावसाचा जोर यातून कळतो. पण त्यात गाडीचा वेग मिसळलेला असतो. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने पडतो. गाडी ताशी ६० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटरने जात असेल आणि काच आडव्याशी ३० अंशांत असेल, तर उभ्या गाडीच्या सुमारे अडीचपट पाणी त्याच काचेवर आदळतं. म्हणून जीपीएसचा वेग घेऊन आकड्याला त्या प्रमाणात भागा. भुरभुरीचे थेंब फार सावकाश पडतात, त्यांच्या बाबतीत वेगाचा परिणाम हिशोबाने आणखी मोठा येतो. प्रत्यक्षात त्यातले बरेच थेंब वाऱ्याबरोबर काचेवरून घसरून जातात. तिथे गणित सोडून नोंदींवरून गुणांक बसवा.

चाचणी: आधी अंगणात, मग घाटात

झाडांना पाणी मारायची स्प्रे बाटली घ्या. तोंड आवळलं तर भुरभुर, सैल केलं तर सर. दोन्हीच्या क्लिप घ्या. मग गाडी धुवायच्या सेंटरवर काच पूर्ण भिजतानाची. प्रत्येक क्लिप वेगळ्या फोल्डरमध्ये: कोरडी, बारीक थेंब, मोठे थेंब, ओघळ, आतून धुरकट, चिखल. प्रोग्राममध्ये काहीही बदललं की आधी या क्लिपांवर चालवा, रस्त्यावर नंतर.

कोरड्या काचेच्या क्लिप सगळ्यात जास्त हव्यात. पुसेगाव-दहिवडी-म्हसवड रस्ता त्यासाठी उत्तम: धूळ, कडक ऊन, मावळतीला समोर सूर्य आणि पावसाचा पत्ता नाही. तिथे पाच मिनिटं जरी बीप वाजला तरी घाटात जायची घाई करू नका. नंतर ओल्या बाजूला वाईहून पसरणी घाटाने पाचगणी किंवा पाटणवरून कोयनानगर. पहिल्या फेऱ्यांना शेजारी कुणीतरी बसवा, स्क्रीन बघायचं काम त्याचं. ड्रायव्हरने स्क्रीनकडे बघायचं नाही.

जिथे हमखास फसतं

बोगदा. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या बोगद्यात शिरलं की उजेड एकदम पडतो, एक्स्पोजर धावपळ करतं आणि आत दिव्यांच्या रांगा काचेवर सरकतात. सरासरी उजेड अर्ध्या सेकंदात निम्म्याहून खाली आला तर दोन सेकंद कुठलाही निर्णय घेऊ नका, एवढा नियम पुरतो. साताऱ्याच्या जुन्या बोगद्यालाही तोच लागू.

धुरकट काच. कासच्या धुक्यात बाहेरून बारीक तुषार बसतात आणि गाडीत चार भिजलेली माणसं असली की आतूनही वाफ धरते. चित्रात दोन्ही सारखेच दिसतात: सगळीकडे दुधाळपणा, कडा बोथट. फरक वायपर सांगतो. फेरीनंतर चित्र सुधारलं तर पाणी बाहेर आहे, काडीचाही फरक पडला नाही तर आत. आतल्यासाठी बझरचा वेगळा आवाज ठेवा आणि एसी काचेकडे वळवा.

चिखल. समोर ट्रॅक्टर-ट्रॉली असली की येणारे शिंतोडे गडद, आतून सपाट असतात, थेंबासारखा उलट्या जगाचा चढउतार त्यांच्यात नसतो. डागाच्या आतला सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद भाग यांतला फरक मोजला की बरेचसे वेगळे काढता येतात. इथे बीप नको, कारण कोरड्या चिखलावर वायपर फिरवणं म्हणजे काचेवर सँडपेपर. आधी काचेवर पाण्याची फवारणी, मग वायपर.

रात्र. आकाश काळं, थेंबही काळे. समोरून हेडलाइट आला की प्रत्येक थेंब पेटतो आणि टक्केवारी आभाळाला भिडते. उपाय: नळीच्या आत खालच्या कडेला दोन ९४० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड एलईडी, काचेला जवळजवळ समांतर रोखलेल्या. त्यांचं थेट प्रतिबिंब लेन्समध्ये येत नाही असा कोन मिळेपर्यंत सरकवा. मग कोरडी काच काळी राहते आणि थेंब चमकतात. डोळ्यांना हा उजेड दिसत नाही. उष्णता अडवणारी काच असलेल्या गाडीत हा उजेड बराचसा काचेतच मुरतो, तिथे आधी तात्पुरती जोडून खात्री करा.

वायपरला का जोडायचं नाही

गॅरेजवाला रिले लावून देईल, त्यात अवघड काही नाही. पण घरगुती प्रोग्राम कधीतरी अडकतोच आणि तो अडकेल तेव्हा काच भरलेली असेल. मूळ वायरिंगला हात लावला की वॉरंटीचा वाद वेगळाच. वायपरचा दांडा ड्रायव्हरच्या हातात राहू द्या. एरवी बीपलासुद्धा बंद करायचं एक बटण हातापाशी हवंच.

नोंद

दर सेकंदाला एक ओळ: वेळ, अक्षांश-रेखांश, वेग, ओला भाग, भरण्याचा वेग, वायपरच्या फेऱ्या. गाडी बंद करताना वीज एकदम तुटते आणि मेमरी कार्डवरची फाइल बिघडू शकते. म्हणून दर मिनिटाला फाइल बंद करून नवी उघडा आणि मूळ सिस्टीम फक्त-वाचनावर ठेवा. घरी आल्यावर नकाशावर ठिपके रंगवा. मेढ्याहून केळघर घाट चढून महाबळेश्वरकडे जाताना रंग कसा गडद होत जातो आणि कोरेगाव ओलांडून पुसेगावकडे निघालं की कुठे फिका पडतो, ते एका पावसाळ्याच्या नोंदींत चांगलं दिसतं. हे आकडे मिलिमीटरमध्ये नाहीत, त्यामुळे पर्जन्यमापकाशी त्यांची तुलना करू नका. एकाच गाडीच्या, एकाच काचेच्या दोन दिवसांची तुलना मात्र खुशाल करा, फक्त मध्ये वायपरचं रबर बदललं असेल तर ती तारीख फाइलमध्ये लिहून ठेवा. नव्या रबराने काच जास्त स्वच्छ पुसली जाते आणि सगळे आकडे खाली सरकतात.